अर्ध्या चौकटीची सूट

"पडली," आम्रपाली म्हणाली आणि हातातला कंट्रोलर तिनं टेबलावर ठेवला.

भिंतीएवढ्या पडद्यावर दोन वेण्यांची गोजा डब्यासकट खाली गेली होती. ही तिसरी वेळ.

"तुम्ही उडी उशिरा मारली, मॅडम," ओम म्हणाला. नव्या खेळाचं सगळं काम त्याच्याकडे होतं. "पाय काठाच्या पुढे गेला होता."

"माहितीये. पुढे गेला तरी उडी लागली पाहिजे. माझी गोजा अशी पडत नव्हती."

रावेतच्या त्या थंडगार ऑफिसात ती चाकणहून पहिली शिफ्ट संपवून थेट आली होती, पायात सेफ्टी शूज तसेच. चाकणला ती गाड्यांचे पार्ट तपासते. पण वीस वर्षांपूर्वी, चिंचवडच्या दोन खोल्यांत, सयाजीरावांच्या हाताखाली तिनं 'गोजाची धाव' हा बटणांच्या फोनवरचा खेळ बनवला होता. भोंगा वाजायच्या आत बापाचा डबा गेटवर पोचवायला निघालेली मुलगी पाइपांवरून, ट्रकांच्या टपांवरून उड्या मारत डावीकडून उजवीकडे पळत सुटते, एवढाच खेळ. तेव्हा भोसरीपासून चाकणपर्यंत कंपनीच्या बसमध्ये जो तो गोजाला पळवत बसलेला असायचा. प्रत्येक उडी आम्रपालीनं आलेखाच्या कागदावर चौकटी मोजून आखली होती. खेळात नाव मात्र एकट्या सयाजीरावांचं आलं. फोनमध्ये जागा कमी आहे, असं ते म्हणाले होते. त्यांच्या नावापुरती ती बरोबर निघाली.

आता नवी कंपनी तोच खेळ मोठ्या पडद्यासाठी करत होती. 'हीच माझी गोजा' एवढं आम्रपालीनं कॅमेऱ्यासमोर म्हणावं, म्हणून सयाजीरावांबरोबर तिलाही बोलावलं होतं. कॅमेरा कोपऱ्यात मांडून तयार होता.

"अगं, तो बग होता," सयाजीराव सोफ्यावरून म्हणाले. "पोरांनी साफ केला. दोन वाक्यं बोल आणि चहा घे."

आम्रपालीला राग आला, आणि तिनं तो येऊ दिला.

"बग नव्हता, सर. माझे वडील कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. अर्धा मिनिट उशीर झाला तरी गेटवरून परत पाठवायचे त्यांना. एकदा असेच परत आले आणि आईला म्हणाले, लोखंडाच्या तुकड्याला पण टॉलरन्स असतो, गोजा. मापापेक्षा जरा कमीजास्त चालतं. माणसाला तेवढं पण देत नाहीत." ती ओमकडे वळली. "म्हणून मी आईचं नाव त्या मुलीला दिलं आणि अर्ध्या चौकटीची सूट दिली. काठ सोडून अर्धी चौकट पुढे गेली तरी तिची उडी लागायची. मुद्दाम दिलीये मी ती."

"मी मम्मीच्या फोनवर खेळायचो," ओम म्हणाला. "वाटायचं, ही आपल्याला सांभाळून घेते. का ते कळायचं नाही."

"आता पोरं तरबेज झालीत," सयाजीराव म्हणाले. "फुकटची सूट कशाला?"

"सर, तुम्ही माझं नाव गाळलंत, मी गप्प बसले. ही अर्धी चौकट गाळू देणार नाही."

तिनं शर्टाच्या खिशातून दोरी ओवलेला लाल टॅग काढला. चाकणला नापास पार्टला बांधतात, तोच. पेन काढून सावकाश भरला. पार्ट: गोजा. दोष: काठावर सूट नाही. खाली सही केली, आम्रपाली भीमराज, आणि टॅग कंट्रोलरला बांधून टाकला.

"ही काय तुझी कंपनी आहे का?" सयाजीराव हसले.

"पार्ट माझा आहे," ती म्हणाली आणि चहा तसाच ठेवून निघाली.

ओम कंट्रोलर घेऊन लिफ्टपर्यंत मागे धावला. "मॅडम, उद्या मोठे साहेब बघायला येणारेत. हा काढू का?"

"ज्यानं बांधला त्यानंच काढायचा असतो. दुरुस्त करा आणि बोलवा. तीननंतर मी मोकळी असते."

लिफ्टचं दार मिटताना तिला दिसलं, ओमनं दोरीला हात लावला नव्हता. तो उभ्या उभ्या खालची सही वाचत होता.