दाराएवढी हलगी

दमयंतीनं दोन वर्षं खपून उस्मानपुऱ्यातल्या खोलीत सपाट स्पीकर बनवला होता. दाराएवढी चौकट, तिच्यात ताणलेलं पातळ प्लास्टिक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि मागे चुंबकं. वाद्याचा आवाज खरा निघतो का, हे देवगाव रंगारीचे हलगीवाले सांडूतात्या ठरवणार होते.

"मशीनमधली हलगी मशीनसारखीच वाजती, पोरी," ते आल्याआल्याच म्हणाले.

"या चादरीमागं एकदा तुमचा चेला रामकिसन वाजवेल, एकदा स्पीकर. ओळखा."

तिनं बटण दाबलं. हलगी कडाडली आणि तात्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"रामकिसन्या, कातडं ओल धरून उतरलंय की लेका! शेकायचं कळत नाय व्हय?"

दमयंतीला नाचावंसं वाटलं. रेकॉर्डिंग भर पावसाळ्यातलं होतं, तेव्हा कातडं खरंच सर्द होतं! तेवढ्यात तात्या कातडं शेकून ताणायला पेटता कागद घेऊन चादरीमागं शिरले. ती हात पसरून स्पीकरपुढं धावली.

"तात्या, विझवा! प्लास्टिक आहे ते!"

रिकाम्या हातांनी बसलेला रामकिसन हसून लोळत होता. तात्यांनी कागद विझवला आणि चौकटीला संशयानं कान लावला.

"प्लास्टिक? मंग त्यानं ओल कशी धरली?"