मुंगीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझं पॉलिश उडालंय, एक पाय बदललेला आहे. तरी नाक मुरडू नका. माझ्यावर बसलेल्या कुणालाही मी आजवर खाली पाडलेलं नाही. आमच्या घरातल्या स्टुलाला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मला घडवलं एका सुताराने. त्याच्या घरी जेवणाच्या टेबलाशी तीन खुर्च्या होत्या: त्याची, बायकोची आणि मुलाची. एके दिवशी तो बायकोला म्हणाला, "पोरगी यायच्या आत चौथी व्हायला हवी." अनाथाश्रमातली एक मुलगी ते दत्तक घेणार होते. सुताराने स्वतःसाठी जपून ठेवलेली फळी बाहेर काढली. बसणाऱ्याला आराम वाटावा म्हणून माझी पाठ जराशी कलती ठेवली. मुलीने घरात पाऊलही टाकलं नव्हतं, आणि मी तिची झाले होते.

ती आली आणि माझा हिरमोड झाला. ती माझ्या अगदी काठावर बसायची, पाठ टेकायचीच नाही. कुणी पाणी मागायच्या आत उठायची. झाडलोट, अंथरुणं, सगळ्यांची भांडी, कशालाही तिला सांगावं लागत नसे. शेजारच्या मावशी कौतुकाने तिला मुंगी म्हणू लागल्या आणि तेच नाव पडलं. "किती गुणाची पोर!" असं जो तो म्हणे. मला मात्र तिची भीती कळायची. याआधी एका घराने तिला महिनाभर ठेवून परत पाठवलं होतं. जेवणाआधी सुतार प्रभूच्या कृपेबद्दल आभार मानायचा, तेव्हा मुंगी डोळे मिटून भलतंच पुटपुटायची, "देवा, आज माझी काही चूक झाली नाही. मला इथे राहू दे." ऐकून माझा जीव तुटायचा.

सुताराचा मुलगा, म्हणजे तिचा दादा, दुसऱ्या टोकाचा. खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवणार, आणि काम म्हटलं की त्याच्या पोटात दुखणार. पण आपल्याला कुणी घराबाहेर काढील असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

मग तो शनिवार उजाडला. सुताराने चर्चसाठी बायबल ठेवून वाचायचं वाचनपीठ बनवलं होतं. दुसऱ्या दिवशी उपासनेला ते लागणार होतं. पॉलिशचे हात देऊन देऊन त्याने ते लखलखीत केलं होतं. सगळे बाहेर गेले तेव्हा सुतारकाकांना खूश करावं म्हणून मुंगीने ते गरम पाणी आणि साबण लावून खसाखसा घासलं. पॉलिश पांढरंफटक पडलं आणि जागोजागी सुटून आलं.

सुतार बायको-मुलासह परतला तेव्हा ती कपड्यांची पिशवी घेऊन दाराशी उभी होती.

"काका, मी वाचनपीठ बिघडवलं. मला परत सोडून या."

सुतार आत जाऊन बघून आला. खोटं कशाला सांगू, त्याचा चेहरा पडला होता आणि तो चिडलाही होता. मग त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ही खुर्ची कुणाची?"

"माझी."

"मी ती कधी केली?"

"मी यायच्या आधी."

"तोवर तू या घरातलं कुठलं काम केलं होतंस?"

मुंगीने नकारार्थी मान हलवली.

"मग जी खुर्ची काम करून मिळालीच नाही, ती काम बिघडलं म्हणून जाईल कशी? अगं, देवाने आम्हालाही असंच घरात घेतलं. आधी आपलं म्हटलं, मग कसं वागायचं ते शिकवलं. आम्ही तुझ्याशी उलटं कसं वागू?"

दादाचे डोळे चमकले. "म्हणजे काम नाही केलं तरी चालतं? मग उद्यापासून मी..."

"काम नाही केलंस तरी तू माझाच," आई म्हणाली. "आणि माझा आहेस म्हणूनच तुला सांगते. शेजारच्या पोराला सांगायला जाते का मी भांडी घास म्हणून?"

त्या रात्री जेवता जेवता मुंगी मागे रेलली. तिचा सगळा भार पहिल्यांदा माझ्यावर आला, आणि हात धुवायच्या आतच तिला झोप लागली. तिला कुणी उठवलं नाही. भांडी दादाने घासली. कुरकुरत घासली, पण घासली.

चर्चने त्या रविवारी जुन्याच वाचनपीठावर भागवलं. सोमवारी सकाळी कुणी हाक मारायच्या आत मुंगी सुताराजवळ जाऊन उभी राहिली.

"बाबा, हे खरवडायचं कसं?"

आजवर तिने कधी काही विचारलं नव्हतं. विचारलं तर आपल्याला येत नाही हे कळेल, अशी तिला भीती होती. सुतार मात्र 'बाबा' ऐकून बराच वेळ हातातलीच पटाशी शोधत राहिला. मग दोघांनी मिळून ते वाचनपीठ नव्याने उभं केलं. तेव्हापासून मुंगी पूर्वीपेक्षा जास्त राबली, पण काम करताना गाणी म्हणू लागली. पुढे ती स्वतः सुतार झाली. माझा पाय तिनेच बदलला.

मित्रांनो, एक विनंती करून थांबते. तुमच्या घरच्या खुर्च्यांना जपा. ओलं फडकं फिरवू नका, सैल झालेला सांधा वेळीच आवळा. नाही जपलंत तरी आम्ही तुम्हाला बसू देऊच, कारण आम्ही आधीपासून तुमच्याच आहोत. पण इतकी वर्षं जिने तुमचा भार उचलला, तिच्यासाठी एवढं तुम्हाला करावंसं वाटणार नाही का?