राखाडी ओळ

“अजून खाली या, तात्या. हां, तो नमुना बघा,” शंभूराज साहेब म्हणाले.

जोतीरामतात्यांनी माउस सरकवला. पडद्यावर तयार तक्त्यांची यादी उघडली होती. नावावर बोट दाबलं की शेजारी नमुना दिसे. कुठं दुहेरी रेघ, कुठं निळं डोकं, कुठं एकाआड एक राखाडी ओळ. कुणाचा ऊस कितव्या नंबरानं तोडायचा, ती कारखान्याच्या गट ऑफिसातली ऊसतोडीची यादी तात्यांनी तीस वर्षं हातानं आखली होती. आता सत्त्याण्णव साली कॉम्प्युटर आला होता, आणि साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत शिका, नाहीतर उरलेली तीन वर्षं वजनकाट्यावर पावत्या फाडा. तात्या महिनाभर एसटीनं बारामतीला जाऊन, नातींच्या वयाच्या पोरींच्या वर्गात बसून शिकून आले होते.

त्यांनी राखाडी ओळींचा नमुना घेतला, पण तसाच नाही. डोक्याचं अक्षर मोठं केलं, कडेची रेघ जाड केली, राखाडी रंग एक छटा गडद केला. लेकीला दागिना घालून दुरून बघावं, तसं मान वाकडी करून बघितलं.

कागद हातात घेऊन साहेब म्हणाले, “काट्यावर दुसरा माणूस बघतो. तुम्ही इथंच राहा.”

यादी बाहेरच्या फळ्यावर लागली.

पंधरा दिवसांनी वरकुट्याची रंगूबाई ऑफिसात आली. दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला. रात्रीची दारं धरून तिनं एकटीनं पाणी पाजलेला, तिच्या स्वतःच्या नावचा हा पहिलाच ऊस. त्या दिवशी सकाळी तोडणीची टोळी कोयते घेऊन तिच्या बांधावर आली होती, आणि रानात नुसती खोडं होती. उसाला तुरा फुटलेला, वजन घटत चाललेलं, दम धरवत नव्हता. आठ दिवसांपूर्वीच तिनं तो वैरणीला देऊन टाकला होता. नंबर रद्द झाल्यावर टोळी धाडलीच कशी, एवढंच तिला विचारायचं होतं.

“माझी वळ काळी केलती न्हवं, तात्या? चौदा नंबर. म्या डोळ्यानं बघितली.”

साहेब हसले. ती नुसती शोभा आहे, अर्धी यादी तशीच आहे, बाकीच्यांना कळलं ते तुम्हालाच कसं कळलं नाही, म्हणाले.

बाकीच्यांना वाचता येत होतं. ज्यांना येत नव्हतं त्यांनी दुसऱ्याला विचारलं. रंगूबाईला आकड्यांपलीकडं अक्षर येत नव्हतं. पण तात्यांची यादी तिला येत होती. वीस वर्षांत तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

ती तात्यांकडं वळली. “मालक गेलं तवा त्येंची वळ तुमीच पेन्शिलीनं काळी केली. म्या हितंच हुबी व्हते. म्हनला, रंगूबाई, काळं म्हंजी खोडलं.”

“असं करायचात तुम्ही?” साहेबांनी विचारलं.

तात्यांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. पेन्सिल आडवी धरून हळूहळू काळी केलेली ती ओळ त्यांना आठवत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणीही आठवत होतं.

“न्हाय साहेब,” ते म्हणाले. “आमची तशी पद्धतच न्हवती. बाईंचाच कायतरी घोटाळा झालाय.”

रंगूबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं पदर नीट केला.

“आसंल,” ती म्हणाली. “दुखात बघितल्यालं. माजंच चुकलं आसंल.”

पुढच्या वेळी विचारत जा, असं साहेबांनी बजावलं. ती व्हय म्हणाली आणि बाहेर गेली.

पण गावाला गेली नाही. तात्या खिडकीतून बघत होते. फळ्यापुढं दगडाबाई नावाची दुसरी एक ऊसवाली आपल्या नंबरावर बोट ठेवून उभी होती. तिचीही ओळ राखाडी होती.

“ते काय न्हाय गं,” रंगूबाई तिला म्हणाली. “त्यो नुसता रंग हाय. तुजी पाळी हाय. ऊस मोडू नगं.”

दगडाबाई गेली, एक म्हातारा आला. त्यालाही तिनं तेच सांगितलं. मग ती फळ्याखालच्या पायरीवर बसली, आणि फळ्याकडं येणाऱ्या प्रत्येकासाठी उठू लागली.