ट्रम्पेटच्या रांगेत सेली नव्हती

ओडेटच्या माहेरी शनिवार म्हणजे बॅंड, हे कुणी ठरवलं नव्हतं, तरी तसंच होतं. वडील बेलफोर कॉलेजच्या बॅंडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि पुढे तिथेच तीस वर्षं त्यांनी पोरं घडवली. थोरला भाऊ अल्सीड अंगाभोवती वेटोळं घालणारा तो भलामोठा पितळी कर्णा घेऊन चार वर्षं नाचला. ओडेट स्वतः झांजा वाजवायची. बेलफोर हे लुइझियानातलं, काळ्या लोकांनी उभं केलेलं जुनं कॉलेज. तिथे अमेरिकी फुटबॉलचा सामना बघायला येणारे अर्धेअधिक लोक बॅंड बघायलाच येत. मध्यंतर झालं की कुणी जागचं हलत नसे. उलट बाहेर गप्पा मारणारे आत येऊन बसत. संघ हरला आणि बॅंड जिंकला, तर घरी जाताना कुणाचं तोंड उतरलेलं नसे.

ओडेटची मुलगी सेली नऊ वर्षांची असल्यापासून आजोबांच्या ट्रम्पेटवर शिकली. मात्र कॉलेज तिने निराळं धरलं. पाच तासांवरच्या, शेजारच्या राज्यातल्या हार्लन विद्यापीठाने तिला शेतीशास्त्रासाठी पूर्ण शिष्यवृत्ती दिली. ऐंशी हजार माणसं मावतील एवढं त्यांचं मैदान. अल्सीड आठवडाभर घुश्शात होता. मग तिथल्या बॅंडमध्येही सेलीची निवड झाली तेव्हा कुठे तो निवळला. ही निवड झाली त्याच उन्हाळ्यात आजोबा गेले.

पहिल्या वर्षी ओडेटला जायला जमलं नाही. नवरा समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर दोन-दोन आठवडे असायचा आणि तिची स्वतःची इस्पितळातली पाळी शनिवारीच यायची. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात एका शनिवारी सुट्टी मिळाली आणि नेमका बेलफोरचाही सामना नव्हता. सेलीला विचारलं असतं तर तिने नेहमीसारखं सांगितलं असतं, की गर्दीत तू मला दिसणार नाहीस, त्यापेक्षा मीच सणाला येते. म्हणून ओडेटने विचारलंच नाही. भात भरलेल्या तिखट सॉसेजचा डबा बर्फात घातला, अल्सीडला गाडीत घातलं आणि पहाटे निघाली.

हार्लनला पोचल्यावर अल्सीड खाली उतरून बराच वेळ नुसता बघत उभा राहिला. सामन्याआधीच्या खाण्यापिण्यासाठी, बेलफोरसारखीच, झाडांखाली तंबूंची रांगच रांग होती, पण तंबूत टेबलांवर पांढऱ्या चादरी आणि चांदीची तबकं होती. एका तंबूत तर छताला झुंबर टांगलं होतं. पोरं टाय लावून आणि पोरी उंच टाचांच्या चपला घालून गवतावरून चालत होत्या. बेलफोरला या वेळी तळलेल्या माशाच्या धुराने डोळे चुरचुरत असतात आणि कुणाच्या तरी गाडीतल्या गाण्यावर म्हाताऱ्या नाचत असतात.

"लग्न कुणाचं आहे गं?" अल्सीडने विचारलं.

"दादा, हळू बोल."

"नाही, आहेर आणायचा राहिला म्हणून म्हणतो."

पण माणसं वाईट नव्हती. वाटेत तिघांनी थांबवून खायला दिलं, कुठून आलात विचारलं. वर, पार आभाळाला टेकल्यासारख्या जागेवर, त्यांच्या शेजारी पर्विस नावाचा निवृत्त पोस्टमन बसला होता. एकेचाळीस वर्षं तो त्याच खुर्चीवर बसत होता. त्याने उकडलेल्या शेंगांची पिशवी अल्सीडच्या मांडीवर ठेवली आणि गाईच्या गळ्यातली एक घंटा हातात दिली. आमचा संघ पुढे सरकला की वाजवायची, एवढंच काम, असं त्याने समजावलं. अल्सीडने ती घंटा नाखुशीने घेतली, पण खाली ठेवली नाही.

मग बॅंड मैदानात आला. तीनशेवर माणसं, सगळी एका रेषेत, पाऊल एकसारखं. ओडेटने दुर्बीण डोळ्याला लावली आणि ट्रम्पेटची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. मग उलटी बघितली. सेली उंच होती, शंभरात उठून दिसणारी. ती नव्हती.

तिने दुर्बीण अल्सीडला दिली. त्यालाही दिसली नाही. तो म्हणाला की एवढ्या टोप्यांत काय कळतंय, पण त्याचा आवाज बदलला होता. ओडेटने फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला, तरी बंदच. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गेल्या शनिवारी संध्याकाळी सेलीने स्वतः फोनवर सांगितलं होतं की आज आम्ही छान वाजवलं, दुसऱ्या गाण्याला लोक उभे राहिले. मग आठवड्यात असं काय झालं? पोरगी आजारी आहे का? की पडली कुठे आणि घरी कळवलं नाही? इस्पितळात काम करणाऱ्या बाईला काय काय होऊ शकतं हे नको तितकं माहीत असतं. सामन्यातलं तिला पुढे काहीच दिसलं नाही.

मध्यंतराला बॅंड पुन्हा मैदानात उतरला आणि आजूबाजूचे लोक उठून खायला निघाले. एरवी अल्सीडने यावर तासभर भाषण दिलं असतं. आता तो बहिणीच्या मागोमाग जिने उतरत होता. बॅंड परत येऊन आपल्या जागी बसेपर्यंत ती दोघं कठड्यापाशी उभी राहिली. ट्रम्पेटच्या रांगेची प्रमुख असलेली एक मुलगी पाणी प्यायला खाली आली, तिला ओडेटने गाठलं आणि सेलीबद्दल विचारलं.

"लुइझियानाची, उंच, ती?" मुलगी म्हणाली. "तिने तर यंदा ऑगस्टमध्येच बॅंड सोडला, मॅडम. सरावाच्या तिसऱ्या दिवशी."

ओडेटने कठडा घट्ट धरला. मुलगी घाबरली आणि भराभर सांगू लागली, की सेली बरी आहे, अगदी ठणठणीत आहे. परवाच तर वर्गात भेटली होती. शनिवारी ती रताळ्यांच्या शेडमध्ये असते, पशुवैद्यकीय शाळेच्या मागे, वीस मिनिटांवर. तिथे फोन लागत नाही.

वाटेत गाडीपाशी थांबून ओडेटने सॉसेजचा डबा काढला, मग दोघं भराभर चालू लागली. मैदानापासून लांब गेल्यावर बाकीचं विद्यापीठ ओस पडलेलं होतं. एका इमारतीच्या पायरीवर एक माणूस पुस्तक वाचत बसला होता, तेवढाच.

शेडचं दार उघडं होतं. आत सेली गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, कोपरापर्यंत मातीत, रताळी वजनकाट्यावर ठेवून वहीत आकडे लिहीत होती. फळीवर रेडिओ चालू होता. आईला बघून तिच्या हातातलं रताळं काट्यावरून घरंगळत खाली पडलं.

ओडेटने तिला जवळ घेतलं नाही. आधी तिचा चेहरा, मग हात, मग पाय बघितले, पेशंट तपासावा तसे. सगळं जागच्या जागी होतं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पाठोपाठ राग आला.

"दर शनिवारी फोन करून मला सांगायचीस, आज असं वाजवलं, तसं वाजवलं. कुठून आणायचीस हे?"

"रेडिओवर ऐकायचे," सेली खालमानेने म्हणाली. "थोडं मनाचं घालायचे."

"आणि मला वाटलं तू कुठे मरून पडली आहेस. वरपासून खालपर्यंत जिने उतरताना मी काय काय नवस बोलले, तुला कल्पना आहे?"

सेली रडू लागली. रडत रडतच तिने सांगितलं. सरावाच्या तिसऱ्या दिवशी, तापलेल्या मैदानावर, तिच्या ध्यानात आलं की आपण हे आजोबांसाठी वाजवतोय, आणि आजोबा तर नाहीत. बॅंड वाईट नव्हता. पण कवायतीसारखं पाऊल मोजायचं आणि लोक शेंगा आणायला उठून जायचे. बेलफोरला शिकले असते तरी कदाचित सोडलाच असता, असंही ती म्हणाली. कारण इथे, या शेडमध्ये, तिला पहाटे उठून यावंसं वाटत होतं. नव्या जातीच्या रताळ्यांवर ती काम करत होती आणि प्राध्यापकांनी तिला स्वतःचे दोन वाफे दिले होते. घरी सांगायचं तर मामाला काय वाटेल, आणि लोक आईलाच बोल लावतील, की परक्या कॉलेजात पाठवलीस आणि पोर हातची गेली. म्हणून दर आठवड्याला ती सांगणं पुढच्या आठवड्यावर टाकत होती.

सगळ्यांना अल्सीडची भीती. तो मात्र एका उलट्या टोपलीवर बसला होता आणि गुडघे चोळत होता.

"मला वाटलं, पोरगी गेली," तो म्हणाला. "ही म्हणते बॅंड सोडला. अगं, बॅंड सोडल्याने कुणी मरत नाही. तुझ्या आईच्या झांजा तू ऐकल्या नाहीस म्हणून. तिने सोडला त्या दिवशी बाबांनी घरात पेढे वाटल्यासारखं केलं होतं."

ओडेटला हसू आवरेना. हसता हसता तिलाही रडू आलं. मग तिने सेलीला धरलं, मातीसकट.

तेवढ्यात लांबून प्रचंड आरोळी आली, पत्रा थरथरला. रेडिओवरचा निवेदक अजून निवांत बोलत होता. काही सेकंदांनी तोही ओरडला, टचडाउन, सहा गुण. सेली डोळे पुसत म्हणाली की इथे हे असंच, आधी हवेतून कळतं, मग रेडिओवर. अल्सीडने विचारलं, कुणी केला, आपण की त्यांनी. "आपण" हा शब्द त्याच्या तोंडून गेला हे त्याला कळलं आणि तो उठला. पर्विसची घंटा आपल्याकडेच राहिली आहे, ती परत द्यायला हवी, असं म्हणत तो मैदानाकडे निघाला. जाताना त्याला गुडघ्यांची आठवण झाली नाही.

मायलेकी मागे राहिल्या. ओडेटने बाह्या वर केल्या आणि पाण्याखाली रताळी धरून ती धुऊ लागली. सेली वजन करून लिहीत होती. डब्यातलं सॉसेज त्यांनी शेडच्या पायरीवर बसून खाल्लं. सेली जातींची नावं सांगत होती, कुठली गोड, कुठली टिकते, कुठली पावसात तडकते. ऑगस्टपासून फोनवर ती एवढं कधी बोललीच नव्हती, हे ओडेटच्या आता लक्षात येत होतं. शनिवारचे ते फोन नेहमी कसे पाच मिनिटांत संपायचे. आपल्याला वाटायचं, पोर दमली असेल.

अल्सीड आला तो उन्हं कलल्यावर. हार्लन तीन गुणांनी हरलं होतं. त्याने सांगितलं की एवढी ऐंशी हजार माणसं, पण हरल्यावर कसं सगळं शांत झालं, चादरींच्या घड्या घालून, तबकं पुसून निघाली. बेलफोरला हरल्यावर दोन्ही बॅंड समोरासमोर बसून अंधार पडेपर्यंत वाजवून एकमेकांची जिरवतात, हे त्याने पर्विसला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. म्हणून दोन आठवड्यांनी पर्विसला बायकोसह बेलफोरला यायचं निमंत्रण त्याने देऊन टाकलं होतं.

"सेली, तूही ये," तो म्हणाला. "बसायला ये. नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून तू मध्यंतरात ट्रम्पेटवाल्यांची बोटं बघत बसायचीस. एकदा तरी काही खाल्लं आहेस का?"

सेलीने आठवून बघितलं. नव्हतं खाल्लं. ती येते म्हणाली.

आणि ती आली. बेलफोरच्या मैदानात ती आई आणि पर्विसची बायको यांच्या मधे बसली. तळलेला मासा तिने दोन्ही हातांनी धरला होता. मध्यंतराला बॅंड मैदानात आला तसे सगळे उभे राहिले, तीही उभी राहिली. तोंडात घास होता, म्हणून तिला ओरडता येईना. ओडेटने तिच्याकडे वळून बघितलं. पोरीच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं आणि ती पुढच्या रांगेतल्या अल्सीडच्या खांद्यावर कोपर टेकून, टाचा उंचावून, ट्रम्पेटच्या रांगेकडे बघत होती, बाकी सगळे बघत होते तशीच.