कॅलेंडरमागचा खिळा

त्या रविवारी राजसबाईंनी नेहमीसारखं जावयाला आधी वाढलं. चेन्नईत, मैलापूरच्या दोन खोल्यांत पंखा घरघरत होता. सिरुसेरीच्या आयटी पार्कातल्या आठवड्याचा शीण त्यांच्या लेकीच्या, देविकाच्या अंगातून अजून गेला नव्हता.

"तुमच्याकडे पुण्याला सासऱ्याला मामंजी म्हणतात ना?" राजसबाईंनी सिद्धार्थला विचारलं.

"जुने लोक म्हणतात."

"मग? मामाचं नाव ठेवलंत, मामा तेवढा सोडलात."

त्यांचा धाकटा भाऊ व्यंकटेश हसला. "ताई, जेवू दे त्यांना. सांबार निवतंय."

देविका हसली नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. ते फार उंच लावलंय, असं तिला दर खेपेला वाटायचं. निघताना आईने दह्यातल्या मिरच्यांचा डबा दिला. "फोन करते," म्हणत ती जिना उतरली.

सोमवारी सकाळी अवऱ्याच्या शेंगा चिरता चिरता राजसबाई गेल्या. फोन व्यंकटेशमामाचा आला.

तंजावरच्या त्यांच्या मराठी घराण्यात मुलगी मामाला द्यायची रीत होती. राजसबाई स्वतः सख्ख्या मामाला, देविकाच्या दिवंगत वडिलांना, एकोजींना दिलेल्या. घरातली लेक घरातच राहते, परक्याच्या दारात उभी राहत नाही, एवढाच त्यामागचा विचार. देविकासाठीही व्यंकटेश तिच्या लहानपणापासून धरलेला होता. नऊ वर्षांपूर्वी विषय निघाला तेव्हा ती म्हणाली होती, "मला किळस येते. बाहेर लोक हसतात आपल्याला."

खरं म्हणजे ऑफिसातल्या सिद्धार्थवर तिचं मन बसलं होतं. पण त्या घरात आजारावर, नोकरीवर, नवसावर तासन् तास बोलणं होई. मन बसलं, हे कारण तिथे आजवर कुणी दिलं नव्हतं. किळस सांगणं सोपं गेलं. राजसबाई "बरं" म्हणाल्या आणि देविकाने ऑफिसातलं एक स्थळ म्हणून नुसतं नाव सुचवल्यावर महिन्याभरात त्यांनी सिद्धार्थच्या घरी स्वतः पत्र घातलं. व्यंकटेशने पुढे लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणे, "फिरतीची नोकरी. कोण देणार?"

तेराव्याला मांडायला फोटो हवा होता. व्यंकटेशने कपाटातून जुन्या नऊवारीत गुंडाळलेली चौकट काढली. एकोजी आणि राजसबाई, लग्नातले.

"हा तर भिंतीवर असायचा," देविका म्हणाली.

"तू जावयाला पहिल्यांदा आणलंस ना, त्याच्या आदल्या दिवशी ताईने उतरवला."

"का?"

"तुला अवघड वाटू नये म्हणून." तो चौकटीची काच धोतराच्या सोग्याने पुसत होता. "मी म्हटलं, ताई, जावई परत गेले की पुन्हा लाव. तर म्हणाली, राहू दे, किती वेळा चढणार मी स्टुलावर."

"माझ्यावर रागावली होती का रे ती?"

"ताई? छे. एकदाच विचारलं मला, व्यंकटेशा, आमच्यात खरंच काही घाण होतं का."

"तू काय सांगितलंस?"

"मला काय कळतंय, म्हटलं."

देविकाने स्टूल ओढलं. कॅलेंडर काढलं. खिळा जागेवर होता, भोवती भिंतीचा चौकोन इतर भिंतीपेक्षा उजळ. व्यंकटेशने चौकट वर दिली आणि स्टुलाचा पाय धरून उभा राहिला.

चौकट सरळ झाली तरी ती उतरली नाही.

"आई," ती म्हणाली, व्यंकटेशला ऐकू जाईल इतक्या आवाजात, "किळस नव्हती गं. मला सिद्धार्थ आवडला होता. ते सांगायची लाज वाटली."