सामायिक फोल्डरमधली एकुलती प्रत

मित्रांनो, पुस्तकं छापणाऱ्या एका छोट्या कचेरीत, जिन्याखालच्या कपाटात घरघर करत बसलेला जुना सर्व्हर तो मीच. सर्व्हर म्हणजे असा संगणक, ज्याच्या पोटात सगळ्यांच्या फाइली आणि डोक्यावर सगळ्यांच्या छत्र्या. बारा वर्षं मी दोन्ही कामं बिनतक्रार केली.

मला इथं आणलं अण्णांनी. अण्णा मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी चुका काढणारे. पूर्वी प्रत्येकाकडे पुस्तकाची वेगळी प्रत असे: 'अंतिम', 'अंतिम दोन', 'हीच खरी अंतिम'. एकदा भलतीच प्रत छापली गेली आणि सहाव्या प्रकरणात वारलेली नायिका नवव्यात बोहल्यावर चढली. तेव्हापासून अण्णांचा दंडक: एक पुस्तक, एक प्रत, आणि ती माझ्या पोटातल्या सामायिक, म्हणजे सगळ्यांना उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये. कुणी पेनड्राइव्ह काढला की ते चष्म्यावरून नुसते बघत. पेनड्राइव्ह आपसूक खिशात जाई.

काम संपलं की अण्णा अर्धा तास थांबून स्वतःची एक फाइल लिहीत. त्यांची लेक दोन वर्षांची असताना तिची आई गेली होती. आई कशी चालायची, कशावर हसायची, कशावर रुसायची, सगळं त्यात होतं. तोंडाने सांगायला बसले की त्यांना रडू यायचं. मग लेकीला म्हणत, "लिहून होऊ दे, एकदमच वाच." एकशे बारा पानं झाली. दंडक स्वतःलाही लागू, म्हणून प्रत एकच. माझ्या पोटात.

यंदा अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. डाव्या हाताने त्यांना लेकीसाठी कसेबसे दोनच शब्द लिहिता आले: 'कचेरी. सामायिक.'

ती धावत आली, पण आदल्याच दिवशी कचेरीत नवा राउटर बसला होता. सगळ्या संगणकांना एकमेकांशी जोडणारी ती पेटी. त्या पेटीने आल्या आल्या मला नवा पत्ता दिला आणि कुणाला कळवलं नाही. पाचही टेबलं मला जुन्या पत्त्यावर शोधत राहिली. पडद्यावर एकच ओळ: 'फाइल उघडता येत नाही.' मी मात्र कपाटात धडधाकट होतो.

"गचकला वाटतं म्हातारा," पानं मांडणारा माझ्याबद्दल म्हणाला.

"बंद करून चालू कर," व्यवस्थापकबाई म्हणाल्या. सर्दीपासून सर्व्हरपर्यंत त्यांच्याकडे हे एकच औषध.

त्याने वायर उपटली, पुन्हा लावली. काही नाही. पुन्हा उपटली. बारा वर्षं न थांबता फिरलेली माझी हार्ड डिस्क, म्हणजे फाइली साठवणारी तबकडी, दर झटक्याला कण्हत होती.

"जरा थांबा ना," लेक म्हणाली. "कुणी जाणकार येऊ दे."

"अहो ताई, जाणकारही हेच करतो, फक्त गंभीर चेहऱ्याने," पानं मांडणारा म्हणाला.

सहाव्यांदा डिस्क फिरलीच नाही. नुसतं टक्, टक्, टक्.

दुसऱ्या दिवशी जाणकार आला. दोन मिनिटं राउटर बघून म्हणाला, "पत्ता बदललाय फक्त. हा तर ठणठणीत होता." मग त्याने मला उघडलं आणि ती टकटक ऐकली. डिस्क त्याने आठ दिवस दुकानात ठेवून पाहिली, आणि तशीच परत आणली. ती एकशे बारा पानं आता मलाही आठवत नाहीत.

लेक ती डिस्क न्यायला आली. बाईंना मान वर करवेना.

"अण्णा कसे आहेत गं?"

"हात दाबतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. काल मी त्यांना विचारत बसले होते. आई उंच होती? हो. गायची? हो. चिडायची? तेही हो." तिने डिस्क पिशवीत घातली. "मग प्रश्नच संपले, बाई. विचारायला आधी काहीतरी माहीत हवं ना."

मित्रांनो, मी भंगारात जाईन, त्याचं एवढं नाही. पण एखादं जुनं यंत्र ओ देत नसेल, तर त्याची वायर उपटण्याआधी आपण योग्य दारावर हाक मारतोय का, ते बघा. जिवापाड जपायचं ते दोन ठिकाणी ठेवा. अण्णांची क्षमा मागून सांगतो. आणि घरातलं कुणी "नंतर सांगेन" म्हणालं, तर तेवढं मात्र ऐकू नका. रडू आलं तर येऊ द्या. पाण्याचा पेला पुढे करा, आणि समोरून हलू नका.