हळदीपाशी अडकणारा डीव्हीडी

कल्याणरावांनी डीव्हीडीच्या टाळक्यात आणखी एक चापट हाणली. टीव्हीवर निळ्या पडद्यात ‘लोडिंग’ आलं, बराच वेळ ताटकळलं आणि नेहमीसारखं ‘नो डिस्क’ झालं. सीडी आत होती. त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवली होती, ट्रे आत जाईना म्हणून अंगठ्यानं रेटला होता, आणि हे यंत्र तोंडावर सांगत होतं की सीडी नाहीच. इतका धडधडीत खोटेपणा त्यांनी सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा पाहिला नव्हता.

“आण्णा, मारू नका. हाय ते बी जाईल,” सृष्टी म्हणाली.

“हाय काय त्यात जायला?”

सृष्टी त्यांची धाकटी. उद्या तिची हळद. देवळाली प्रवरेतल्या त्यांच्या अंगणात मांडव घातला होता, आचारी येऊन चुली बघून गेला होता, आणि नवरीचा हट्ट एकच होता: हळद दळताना आईचं गाणं पाहिजे. आई, पुष्पावती, कोरोनात गेली. ते गाणं तिच्या माहेरचं, अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं. इकडं उसाच्या पट्ट्यात ते कुणाला येत नव्हतं. थोरल्या जयाला पहिली ओळ यायची, पुढं नुसती चाल. पण जयाच्या हळदीत पुष्पावतीनं ते पूर्ण म्हटलं होतं आणि शूटिंगवाला कॅमेरा घेऊन समोरच उभा होता. म्हणजे गाणं होतं. या सीडीत होतं. फक्त ही पेटी ते बाहेर सोडत नव्हती.

तसं हे दुखणं जुनंच. डीव्हीडी जयाच्या लग्नाच्या वर्षीच घेतला, खास लग्न बघायला म्हणून. पण शूटिंगवाल्यानं ‘उद्या देतो, परवा देतो’ करत सीडी द्यायला दिवाळी उजाडवली, आणि तोवर डीव्हीडीला नखरे फुटले होते. सीडी लावली की साखरपुडा नीट दिसायचा, मांडवडहाळे नीट दिसायचे. हळदीचं जातं आलं की चित्राचे चौकोन व्हायचे, घरघर व्हायची आणि सगळं ठप्प. मग कुणीतरी पुढं ढकलायचं आणि एकदम वरात. पुष्पावती दरवेळी चिडायची. “लोकांच्या पंगती दावतंय मेलं, माझंच गाणं तेवढं गिळतंय!” तिचं गाणं तिनंसुद्धा कधी ऐकलं नाही. पुढं पुढं रिमोटही एका विशिष्ट कोनातूनच ऐकायला लागला. कल्याणरावांना कॉटवर आडवं होऊन तो धरावा लागायचा.

या आठवड्यात तर त्यांनी पायाला भिंगरी लावली होती. राहुरीतला दुरुस्तीवाला डीव्हीडी बघून हसला. “काका, हे आता भंगारवाला बी घ्यायचा न्हाई,” म्हणाला. कल्याणरावांच्या हातात त्या वेळी पाना नव्हता, हे त्याचं नशीब. नगरला सावेडीत राहणाऱ्या जावयाच्या लॅपटॉपला सीडी घालायला फटच नव्हती. शूटिंगवाल्यानं धंदा सोडून दुधाचा टेम्पो घेतला होता, आणि जुनं सगळं कधीच पुसलं होतं. ऑनलाइन मागवलेला नवा प्लेअर लग्न लागून गेल्यावर येणार होता. एवढी माणसं चंद्रावर यान पाठवतात, आणि एक जुनी सीडी फिरवणारं कुणी नाही!

“आना तो स्क्रू ड्रायव्हर,” शेवटी ते म्हणाले. “विहिरीवरची मोटार मी खोलतो, ही पेटी काय चीज हाय?”

त्यांनी ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि दुपारच्या उन्हात डीव्हीडीचं झाकण उचललं. आत बघितलं आणि ते बघतच राहिले.

आत कुंकू होतं. हळद होती. सीडी वाचणाऱ्या काचेच्या ठिपक्यावर लाल पापुद्रा बसला होता, आणि ट्रेच्या दातऱ्यात तांदळाचे दाणे अडकले होते.

त्यांच्या डोळ्यांसमोर दरवर्षीची खंडेनवमी आली. ट्रॅक्टर, मोटार, विळे, कोयते, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा पुष्पावती करायची. कल्याणराव नारळ घेऊन मागं उभे असायचे. डीव्हीडीपाशी आली की ती बटण दाबून ट्रे बाहेर काढायची, त्यावर हळद-कुंकू आणि अक्षता वाहायची आणि ट्रे पुन्हा आत लावायची. “वरवर लावून काय व्हतंय? यंत्र आत हाय, आत पोचलं पायजे.” आणि वर्षानुवर्षं ते आत पोचलं होतं.

“अगं पुष्पे, काय करून ठेवलंस हे!” ते ओरडलेच. “सोताचंच गाणं सोताच्या हातानं बंद केलंस!”

त्यांना भयंकर राग आला होता, आणि ज्या बाईवर काढायचा ती भिंतीवर हार घालून बसली होती. ते फुंकर मारायला वाकले, पण फुंकर मारवेना. तिच्या चिमटीतलं कुंकू होतं ते. मग त्यांनी जयाकडून कापूस मागून घेतला आणि ती काच हळूहळू पुसली. दाणे सुईनं काढले. तो लाल कापूसही फेकवेना, म्हणून देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. झाकण बसवलं, वायरी लावल्या आणि लाईट गेली. ती आली हळदीच्या सकाळी, बायका जमायला लागल्यावर.

टीव्हीपुढं ही गर्दी झाली. कल्याणरावांनी बटण दाबलं. लोडिंग. मग साखरपुडा. मग मांडवडहाळे. आणि चौकोन नाहीत, घरघर नाही, हळदीचं जातं लख्ख आलं. हिरव्या लुगड्यातली पुष्पावती जात्याच्या खुंट्याला हात घालून बसली, तिनं मान वर केली, तोंड उघडलं.

आणि टीव्हीतून सिनेमातलं गाणं सुरू झालं. ढोल, ताशा, पिपाण्या, ‘ओ ओ ओ’ करणारी चार पोरं.

कुणालाच काही कळेना. मग कल्याणरावांना कळलं. त्या शूटिंगवाल्यानं सीडी झकास दिसावी म्हणून बायकांचे आवाज काढून टाकले होते आणि वर आपल्या पसंतीचं गाणं चिकटवलं होतं. डीव्हीडीनं काही गिळलंच नव्हतं. गिळायला गाणं नव्हतंच.

“अरे तुझ्या टेम्पोची चारी चाकं गळून पडोत!” कल्याणरावांचा आवाज मांडवाबाहेर गेला. “बंद करा ते! फेका उकिरड्यावर!”

सृष्टीनं टीव्हीचा रिमोट उचलला आणि आवाज तेवढा बंद केला.

पडद्यावर पुष्पावती जातं ओढत होती. ओठ हलत होते. जया पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली. आईच्या ओठांबरोबर तिनं आपल्याला येणारी पहिली ओळ म्हटली. ती बरोबर बसली. ओठ पुढं हलले, जया अडखळली, आणि मग तिच्या तोंडून दुसरी ओळ आली. कुठून आली ते तिलाही सांगता आलं नसतं. रडत रडत ती म्हणाली, “आण्णा, आली!”

तिसऱ्या ओळीला पुष्पावतीनं तोंड उघडलं आणि चित्र थांबलं.

कल्याणरावांचा हात सवयीनं वर गेला. इतक्या वर्षांत असं अडकलं की त्यांनी ते एकदाही बिनचापटीचं सोडलं नव्हतं. पुष्पावती तोंड उघडून त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी हात खाली घेतला.

“कुनी हात लावायचा न्हाई त्याला,” ते म्हणाले. “जातं आत आना. हळद हितंच दळायची.”

बायकांनी जातं उचलून टीव्हीपुढं मांडलं. दोनच ओळी होत्या. तिसरी आली नाही, ती येणारही नव्हती. त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा म्हणत हळद दळली गेली आणि सृष्टीला लागली. कल्याणराव दारात पाठ करून उभे होते, कानाला मोबाईल लावून, वायरमनवर ओरडत.

“आज लाईट घालवू नको रं बाबा. पाया पडतो तुझ्या. आमची मानसं बसल्यात हितं.”